मंगळावरचा जांभा

आमच्या गावात पांढरा रंग फक्त दुकानात असायचा. एकदा का कापड घरी आलं आणि दोरीवर वाळत पडलं, की आठवड्याभरात त्याला गुलाबी झाक यायची आणि महिन्याभरात ते सरळ विटकरी व्हायचं. पावस गावावरून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढलात की आमचं गाव लागतं, आणि गावाला चिकटून चिरेखाणी. जांभ्याचे चिरे कापायची यंत्रं उजाडलं की सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. त्यांची ती लांबलचक किरकिर इतकी अंगवळणी पडली होती, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती थांबली की घरातली सगळी माणसं काहीतरी बिघडल्यासारखी मान वर करून बघायची. धुळीचं तर विचारूच नका. उंबऱ्यावर धूळ, तुळशीवर धूळ, झाकून ठेवलेल्या पाण्याच्या कळशीवरसुद्धा बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. आई दिवसभर फडकं घेऊन फिरायची. कुसुमआत्या पडवीत बसल्या बसल्या म्हणायची, "कशाला पुसतेस गो? देवानं घराला फुकट रंग लावून दिलान, तो तरी राहूं दे."

कुसुमआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून चूल आणि पडवी ही दोन्ही ठाणी तिने ताब्यात घेतली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हाताला चव होती, त्यामुळे सगळं चालून जायचं. सकाळी तिच्या आंबोळ्या, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, आणि चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला सुक्या बांगड्याचा तुकडा. तो वास आला की शेजारच्या घरातला माणूस काहीतरी निमित्त काढून यायचाच. आंबोळी तव्यावर टाकली की तिला फटाफट जाळी पडायची, एकेक भोक गोल, वाटोळं, आपलं आपलं वेगळं. मला ती जाळी बघायला इतकी आवडायची की मी पहिली आंबोळी खायच्या आधी उजेडात धरून बघायची आणि आत्याचा धपाटा खायची. "खायचा सोडून त्यातनं काय काशी दिसते काय तुला?" आता माझ्या स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा आहे आणि पीठ मिक्सरवर वाटलेलं. जाळी पडते, पण तशी नाही. हे मी उगाच रडगाणं म्हणून सांगत नाही, खरंच नाही पडत.

बाबा चिऱ्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. खाणीत चिरे भरायचे, हातखंब्याच्या नाक्यापर्यंत न्यायचे, तिथून पुढे जिथे कुणाचं घर उठत असेल तिथे. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा डोळ्यांच्या पापण्यासुद्धा लाल असायच्या. ट्रक दूरवर वळणावर आला की त्याच्या हॉर्नवरून आई भात उतरवायची.

मी पुढे भूशास्त्र शिकले, मोठी झाले, दगडांवर पोट भरलं, पण सुरुवातीला ते विषयाच्या प्रेमाने वगैरे घेतलं असं कुणी समजू नये. रत्नागिरीच्या कॉलेजात बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या, आणि जिऑलॉजीच्या वर्गात आम्ही इनमीन चारपाच टाळकी. घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "दगड शिकायला रत्नागिरीला कशाला जायला हवा? दारात काय कमी पडलेत?" पण मग भेटल्या सावंत मॅडम. त्या कोल्हापूरकडच्या. त्यांचं साधं बोलणं आम्हाला भांडल्यासारखं वाटायचं, आणि आमचं भांडणसुद्धा त्यांना गाणं म्हटल्यासारखं. हातात दगड द्यायच्या आणि विचारायच्या, हा काय? आम्ही नाव सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न यायचा. "नाव राहू दे गं. कारण सांग." बरोबर नाव आणि चुकीचं कारण दिलंत तर शून्य. चुकीचं नाव आणि विचार केलेलं कारण दिलंत तर निदान त्या मान हलवायच्या. आजही कुणी विद्यार्थी पडद्यावर बोट ठेवून घाईघाईने नाव सांगतो तेव्हा माझ्या तोंडून कोल्हापुरी हेल निघतो, आणि मी हसते.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मंगळावर एक सहा चाकांची गाडी उतरलेली होती. माणूस नसलेली, जागेवरून हलत दगडांचे फोटो काढून पाठवणारी. पुण्याच्या एका संस्थेने त्यातले काही निवडक फोटो छापून राज्यातल्या कॉलेजांना पाठवले. फोटोतले दगड ओळखा, कारणं लिहा, मग परीक्षक येऊन तोंडी घेतील. ज्यांची निवड होईल त्यांना पुण्यात पुढचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं संस्थेकडे. मॅडमनी तो लिफाफा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तू कर." एवढंच. मी घरी येऊन सांगितलं. तेव्हा मुंबईच्या काकाने माझ्यासाठी एका कपड्याच्या कारखान्यात पॅकिंगची नोकरी बघून ठेवली होती, आणि पदवीचं वर्ष संपलं की मे महिन्यात तो आंबे न्यायला येईल तेव्हा मी त्याच्याबरोबर जायचं, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. बाबांनी जेवता जेवता हात थांबवला. म्हणाले, "पुण्याला घेतलानी तर शीक. नाय घेतलानी तर मुंबई. मग रडायचा नाय." मी म्हटलं, नाही रडणार. बाबा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी पक्के. म्हणजे आता त्या लिफाफ्यातल्या दगडांवर माझं सगळं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी ते फोटो पडवीत पसरले. आणि काय सांगू! लाल माती, लाल आभाळ, आणि मातीत इकडेतिकडे पडलेले भोकाभोकांचे लाल दगड. आमच्या सड्याचा फोटो कुणी काढलान की काय असं वाटावं. नुसती करवंदाची जाळी तेवढी नव्हती. मी ओरडलेच, "अगो आई, ह्यो तर जांभा!" आई आली, आत्या आली, दोघींनी वाकून बघितलं. आत्या म्हणाली, "जांभाच तो. त्यात काय शिकायचंय?" आणि माझ्या डोक्यात तर वीज चमकली. कारण जांभा काही कुठेही होत नाही. मूळच्या काळ्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या, युगानुयुगं धो धो पाऊस पडावा, त्यातलं विरघळायचं ते वाहून जावं आणि लोखंडाचा गंज मागे उरावा, तेव्हा कुठे जांभा होतो. म्हणजे मंगळावर जांभा असेल तर मंगळावर आपल्यासारखा पाऊस पडत असला पाहिजे! मी एका बैठकीत पानंच्या पानं लिहून काढली. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला करताच आली नसती. देशावरच्या पोरांनी त्याला बिचाऱ्यांनी लाल दगड म्हणून सोडून दिलं असतं.

मॅडमनी माझी पानं वाचली. चेहऱ्यावर काही नाही. मी वाट बघत उभी, की आता शाबासकी येईल. त्यांनी पानं परत दिली आणि म्हणाल्या, "पुन्हा बघ." मी म्हटलं, मॅडम, काय चुकलं? "चुकलं असं कुठं म्हटलं मी? पुन्हा बघ म्हटलं." मला इतका राग आला म्हणता! घरी येईपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना कोल्हापूरला पोचवून आले.

तोपर्यंत इकडे बाबांनी काय करून ठेवलेलं? हातखंब्याला नाक्यावर बाळू चहावाल्याची टपरी आहे, तिथे सगळे ट्रकवाले थांबतात. बाबांनी तिथे जाऊन सांगितलं, की माझ्या पोरीने मंगळावर जांभा शोधला. तिथे कुणीतरी एका छोट्या पेपराला बातम्या देणारा बसलेला. झालं! चार दिवसांनी पेपरात चौकट, 'मंगळावर कोकणचा जांभा. सड्यावरच्या कन्येचा शोध'. शाळेतल्या जुन्या गुरुजींनी ती चौकट कापून देवळाच्या खांबाला चिकटवली. खाणमालकाने बाबांना चहा पाजला. वाटेत भेटेल तो विचारायचा, काय गो, मंगळावर खाण कधी काढतेस, आमाला पण घे कामाला. मी काही लाजणारी नव्हे. मीही सांगायची, आधी माणशी डबा बांधून घ्या, तिथे हॉटेल नाय. सगळं गाव फुगलं होतं, आणि सगळ्यांत जास्त कोण फुगलं असेल तर मी.

आणि मग एक दिवस आत्याबरोबर मी बाजाराला निघाले. फाट्यावर बसची वाट बघत उभ्या. रस्त्याच्या कामासाठी खडीचे आणि मोठ्या दगडांचे ढीग टाकून ठेवले होते, आणि चिऱ्यांचे ट्रक दिवसभर बाजूने जात होते. ऊन असं की बस्स. मी एका लाल दगडावर टेकले. आत्या किंचाळली, "अगो ऊठ! नवा ड्रेस तो! मागनं सगळी लाल झालीस बघ, शिमग्याला सोंग नाचवायला नेतील तुला!" मी उठले, मागे वळून बघितलं, आणि जागच्या जागी उभी राहिले. मी बसले होते तिथे दगड पुसला गेला होता, आणि तो काळा होता. काळा कुळकुळीत. मी खाली बसून दगडाची कूस बघितली. वरून लाल, कुशीला काळा. शेजारचा बघितला, तोही तसाच. ढिगातले सगळे दगड तसेच. धूळ वरून पडते, वरच्या अंगावर बसते, उभ्या बाजूला ती कशी टिकणार? आत्या म्हणत होती, "बस आली, बस आली," आणि मी दगडांपुढे उकिडवी. बस गेली. आत्या त्यानंतर जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

घरी येऊन मी लिफाफ्यातले फोटो पुन्हा बाहेर काढले. आता इतके दिवस जे दिसत होतं ते दिसेना आणि जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. फोटोतला दगड वरून लाल होता. कुशीला, जिथे तो उभा तुटला होता तिथे, गडद. आणि भोकं! जांभ्याची भोकं मी जन्मल्यापासून बघत आले होते, घराच्या भिंतीतच ती होती. वाळवीने लाकूड पोखरावं तशी ती वेडीवाकडी, एकातून दुसऱ्यात शिरणारी, आत पिवळी माती भरलेली. फोटोतली भोकं तशी नव्हतीच. ती गोल होती, गुळगुळीत होती, एकेकटी होती. आंबोळीची जाळी! तापलेला रस थिजताना आतली हवा बुडबुडे होऊन निघून जावी आणि मागे भोक राहावं, तशी. म्हणजे तो ज्वालामुखीचा काळा दगड, आमच्या जांभ्याच्या तळाशी विहीर खणताना जो लागतो आणि ज्याला सुरुंग लावावा लागतो, त्याच्याच जातीचा. वरचा लाल रंग नुसती धूळ. आणि ती धूळ तिथे तशीच बसून राहिली, कारण धुवायला पाऊस नाही. मी जिच्यावरून पाऊस सिद्ध करायला निघाले होते, ती लाली पाऊस नसल्याची खूण होती! मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग भलताच आनंद झाला. त्या क्रमाने.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत शिरून मी नमस्कार वगैरे काही न करता विचारलं, "मॅडम, त्या गाडीकडे केरसुणी असते का?" मॅडम पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "असते की. छोटा ब्रश असतो तिच्या हाताला. चल." आम्ही दोघी बाजारातल्या इंटरनेटच्या दुकानात गेलो. तेव्हा एकेक फोटो उतरायला इतका वेळ लागायचा की वरून खाली पडदा सरकताना बघत बसायचं. आधी आभाळ आलं. मग दगडाचं डोकं. आणि मग त्या लाल दगडावर मधोमध एक गोल पुसलेला, तव्याएवढा वाटला मला, आणि तो गोल काळा. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली ती अशी, की दुकानातल्या पोरांनी वळून बघितलं. पुढे मी कितीतरी मोठ्या माणसांच्या शाबासक्या घेतल्या. त्या थापेची सर कशालाच नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

पण गाव? देवळाच्या खांबावर ती चौकट होती आणि शिमगा उद्यावर आला होता. मी आईला सांगितलं, आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "पालखी देवळात परत जाऊं दे, मग सांग. घाई काय हाय? मंगळ काय पळून जातोय?" बाबा उशिरा आले आणि जेवून झोपले. मी मनाशी म्हटलं, सकाळी सांगेन. सकाळी ते पालखीच्या तयारीला केव्हाच निघून गेले होते.

आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसते. सगळा गाव जमतो. मुंबईची माणसं रजा काढून येतात. मग गावचे मानकरी, आमच्या वेळी तात्या गावकर, नारळ हातात धरून देवीला गाऱ्हाणं घालतात. गावाचं जे काही मागणं असेल ते एकेक करून सांगायचं आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' गाऱ्हाण्यात बोललेला शब्द म्हणजे गावाचा शब्द. तो खोटा असून चालत नाही. तात्यांनी रोगराईचं सांगितलं, आंब्याच्या मोहोराचं सांगितलं, मुंबईकरांच्या नोकऱ्यांचं सांगितलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. बाबा पालखीच्या दांड्याजवळ उभे, अंगात नवा सदरा. आणि तात्या म्हणाले, "आणि बा देवा म्हाराजा, आमच्या वसंताच्या पोरीनं मंगळावर जांभा शोधलान..."

आता सगळा गाव व्हय म्हणणार, आणि देवीच्या पुढ्यात ती गोष्ट खरी होऊन बसणार. मी ओरडले, "नाय म्हाराजा!"

ढोलसुद्धा थांबले. गाऱ्हाणं चालू असताना कुणी नाय म्हटल्याचं माझ्या माहितीत तरी झालेलं नाही, आणि तेही एका पोरीने. तात्यांचा नारळवाला हात तसाच वर. मी म्हटलं, "तात्यानू, तो जांभा नाय. माझी चूक झाली. काळा दगड हाय तो, वर नुसती लाल धूळ हाय. देवीला खोटा नका सांगू." कुजबुज सुरू झाली. सरपंच पुढे होऊन म्हणाले, "अगो, ऱ्हाऊं दे ना जांभा! कोण जातोय तिथं बघायला?" लोक हसले. कुणी म्हणालं, पेपरात आलंय ते काय उगीच? काका मुंबईहून आला होता, तो म्हणाला, "वसंता, पोरीला आवर." मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला एवढ्या गर्दीतून दिसल्या. आणि मी ठरवलं, आता मागे फिरायचं नाही. मी तिथेच सगळ्यांना सांगितलं. भोकं आंबोळीसारखी, वाळवीसारखी नाहीत. वरून लाल, कुशीला काळा. केरसुणी मारली तर आत काळा निघाला, फोटो आहे. देवीसमोर उभं राहून केलेलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं व्याख्यान.

तात्या गावकर म्हातारे होते आणि शहाणे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नारळ पुन्हा नीट धरला, पालखीकडे वळले आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा, पोर म्हणते तो जांभा नाय. जो काय असंल तो असूं दे. पण तिची नजर अशीच साफ ठेव, आणि तिच्या शिक्षणात काय आडवा आला असंल तर तो बाजूला कर रे म्हाराजा!"

आत्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, "व्हय म्हाराजा!" आणि मागोमाग सगळा गाव म्हणाला. ढोल वाजायला लागले. बाबा म्हणाले की नाही, ते मला दिसलं नाही. पालखी उठली आणि ते खांदा द्यायला वळले.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते बंद. मी समोर बसलेली असताना आईला सांगायचे, "तिला सांग, तिचा चप्पल वाटेत पडलाय." आई माझ्याकडे बघायची, मी चप्पल उचलायची. माझी खात्री झाली की मी त्यांना मान खाली घालायला लावली. चहाच्या टपरीवर त्यांनी छाती काढून सांगितलेलं, आणि आता तिथे रोज लोक त्यांची काय थट्टा करत असतील ह्या विचाराने मी अर्ध्या ताटावरून उठायची. तरी अभ्यास सोडला नाही. उलट जास्त केला. मॅडमनी सांगितलं होतं, परीक्षकांपुढे उभं राहून बोलायचंय, तर घरी मोठ्याने बोलून बघ. मी रोज संध्याकाळी पडवीत उभी राहून मांडवाच्या खांबाला व्याख्यान द्यायची. आत्या सुपात तांदूळ निवडत ऐकायची आणि मधेच म्हणायची, "हे कालच्यापेक्षा बरा बोललीस." बाबा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाठमोरे बसून ट्रकचा काहीतरी सुटा भाग फडक्याने पुसत असायचे. एकच भाग, रोज.

परीक्षक आले. दोघे होते, एक चष्म्याचे आणि एक फार गोड बोलणाऱ्या बाई. मी त्यांना आधी माझी चूक सांगितली, मग ती कशी कळली ते, मग दगडाचं नाव. चष्मेवाले म्हणाले, "आपण चुकलो हे कळल्यावर काय वाटलं?" मी म्हटलं, "मंगळाचा राग आला." दोघेही हसले. मी गंभीरपणे सांगितलं होतं. नंतर कॉलेजात फोन आला, मॅडम वर्गात आल्या, मी फळ्याजवळ होते. त्या म्हणाल्या, "घेतलं गं तुला." सगळ्यांत आधी त्यांचेच डोळे भरले, मग माझे. मुंबईची नोकरी काकाने दुसऱ्या कुणाला दिली असणार. मी हे सगळं मिरवायला लिहितेय का? हो, मिरवायलाच लिहितेय. आमच्या सड्यावरून दगड शिकायला पुण्याला गेलेली मी पहिली, आणि ह्यात विनय दाखवण्यासारखं मला काही दिसत नाही.

घरी बातमी सांगितली. आईने देवापुढे साखर ठेवली. आत्याने मला जवळ ओढून कडाकडा बोटं मोडली. बाबा आईला म्हणाले, "तिला सांग, पुण्याची गाडी हातखंब्याला सकाळची बरी. मी सोडीन ट्रकनं." म्हणजे दिलेला शब्द पाळला. पण बोलले आईशीच. मला त्या दिवशी जो आनंद व्हायला हवा होता त्यातला अर्धा तिथेच गळून गेला.

निघायच्या दिवशी ट्रकमध्ये मागे चिरे आणि पुढे आम्ही दोघं. मांडीवर आत्याने बांधलेली आंबापोळीची पुडकी. रस्ताभर बाबांनी फक्त गिअर बदलले. हातखंब्याला गाडी यायला वेळ होता. ते माझी ट्रंक घेऊन गाडी कुठे लागते ते विचारायला पलीकडे गेले आणि मी बाळूच्या टपरीच्या बाकड्यावर बसले. दोनतीन ड्रायव्हर चहा पीत होते. बाळूने माझ्याकडे बघितलं, ट्रककडे बघितलं आणि म्हणाला, "तू वसंताची पोर काय? मंगळवाली?" झालं, मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. मी हळूच म्हटलं, "हो. पण तो जांभा नव्हता."

"अगो, ते आमाला काय सांगतेस?" बाळू म्हणाला. "शिमग्यापासनं रोज ऐकतोय. जांभ्याची भोकं वाळवीसारखी, त्याची भोकं आंबोळीसारखी. वरनं लाल, कुशीला काळा. पाऊस नाय म्हणून धूळ धुतली जात नाय. इथं कोणी थट्टा केलान की तुझा बाप चहा बाजूला ठेवतो आणि पयल्यापासनं सुरू करतो. परवा एका पोलिसानं गाडीचे कागद मागितलान, तर त्याला पण समजावलान." बाकड्यावरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "त्यो मग म्हणतो, सगळ्या गावापुढं, देवीपुढं, नाय म्हणाली माजी पोर. तुमच्यातला कोण म्हणंल?"

बाळूला आता चेव आला होता. तो शेजारच्या नव्या गिऱ्हाइकाकडे वळून हात हलवून सांगायला लागला, "म्हणजे बघा, तो दगड पयला होता पातळ, रसासारखा. त्यात जे पाणी असतंय ना, ते उकळून..."

"हवा रे मेल्या, हवा!" रस्त्यापलीकडून बाबा ओरडले. ट्रंक खांद्यावर, दोन्हीकडून गाड्या चाललेल्या, आणि ते मधूनच तरातरा आले. "पाणी कुठनं आणलास तू? त्या रसातली हवा भायेर निघते, बुडबुडा फुटतो, भोक ऱ्हातो. किती वेळा सांगायचा तुला?" आणि मग त्यांना मी दिसले. ते थांबले. खांद्यावरची ट्रंक खाली ठेवली, उगाचच तिचं कुलूप ओढून बघितलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. मग इतक्या दिवसांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "बरोबर ना गो?"

"एकदम बरोबर, बाबा," मी म्हटलं.